कवटीनं जमवलेलं लग्न

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच आश्चर्य वाटेल, पण माझं लग्न एका कवटीनं जमवलं. तेही वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पत्रिका नाही, बैठक नाही, कांदेपोहे नाहीत. कवटी डभोईकडच्या एका शेतातून निघाली, माझ्या मशीनवर घटकाभर निजली आणि जाता जाता माझं भलं करून गेली. तोंडातून एक शब्द न काढता. लग्न जमवणाऱ्यांनी तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

परवा संध्याकाळी आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीच्या बाकावर बसून मी हे सांगत होतो. ऐकायला भास्करराव होते. ते रिफायनरीतून निवृत्त झाले, पण संशय घेण्याच्या कामातून अजून झाले नाहीत. शेजारी त्यांची सून स्नेहलता, दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आणि आमची प्रेमला होती, म्हणजे कवटीनं जिच्याशी माझं जमवलं तीच. मांडीवर परात घेऊन उंधियूसाठी तुरीच्या शेंगा सोलत होती. ही गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकलीय की आता तिचं लक्ष नसतं, असं मी धरून चाललो होतो.

आता सुरुवातीपासून ऐका. मी एका मोठ्या इस्पितळात सीटी स्कॅनचं मशीन चालवायचो. ते मशीन नवं आलं तेव्हा बसवायला आलेल्या इंजिनिअरला चाचणीसाठी एक जिवंत डोकं हवं होतं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना बायकापोरं होती. मी एकटाच सडाफटिंग. मी निजलो. म्हणजे बडोद्यात पहिल्यांदा ज्या डोक्याचा सीटी निघाला ते हे डोकं.

भास्करराव म्हणाले की मागच्या वेळी ते गुजरातमधलं पहिलं डोकं होतं. मी म्हटलं, आज मी कमी करून सांगतोय. मग त्यांनी विचारलं, कान मशीननं दुमडला की आधीपासूनच तसा होता. माझा डावा कान वरून पुढे दुमडलेला आहे, पापडाच्या कडेसारखा. आमच्या शाळेतल्या दत्ताजीराव मास्तरांनी एकोणतीसच्या पाढ्यापायी तो एकदा दुमडला आणि उलगडायचं विसरले. ते असो. त्या चाचणीच्या फिल्मा मी इस्पितळातल्या कपाटात जपून ठेवल्या होत्या. माणसाला स्वतःचं डोकं आतून पाहायला मिळतं कधी?

तर ही गोष्ट दोन हजार तीनची. प्रतापनगरहून डभोईला जाणारी छोटी गाडी आठवते ना, तिच्या रुळांपासून दोन शेतं आत एका पाटीदारानं पंपाच्या खोलीसाठी पाया खणला आणि कुदळीखाली कवटी आली. बाकीची हाडं नाहीत, खालचा जबडाही नाही. फौजदारसाहेब ती आंब्याच्या खोक्यात, गवतावर ठेवून आमच्याकडे घेऊन आले. मला म्हणाले, "संपतभाई, जरा जोई आपो ने. भाई छे के बेन?"

स्नेहलतानं विचारलं, एवढ्यासाठी सीटी कशाला, हातात घेऊन कळत नाही का. प्रश्न बरोबर होता. एरवी कळतं. पण या कवटीत काळी माती भरून दगडासारखी घट्ट बसली होती, आतबाहेर मुळं पसरली होती आणि हाड इतकं ठिसूळ की धुवायला घ्यावं तर हातात भुगा यावा. निरुपमाबाई म्हणून आमच्या डॉक्टर होत्या, हाडं पाहून कोर्टात साक्ष द्यायच्या. त्या म्हणाल्या, हात लावायचाच नाही. मशीनला माती वेगळी दिसते, हाड वेगळं दिसतं. पडद्यावर माती पुसून टाकू आणि हाड मोजू.

मशीन सुरू करण्याआधी पेशंटची माहिती भरावी लागते. नाव, माहीत नाही. वय, माहीत नाही. तिसऱ्या रकान्यात मशीननं विचारलं, पुरुष की स्त्री. मी म्हटलं, अरे बाबा, तेच विचारायला तुझ्याकडे आलोय. शेवटी 'इतर' दाबलं तेव्हा कुठे पुढे सरकलं. कवटीला फोमच्या गाद्यांत बसवलं, पट्टा बांधला आणि सवयीनं म्हणालो, डोकं हलवू नका, दोन मिनिटांत होईल. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका आज्ञाधारक पेशंट मला मिळाला नाही. फौजदारसाहेब काचेपलीकडे हात जोडून उभे होते. कुणाला ते मी विचारलं नाही.

आता यातली मेख सांगतो. पुरुषाच्या भुवईवरचं हाड पुढे आलेलं असतं, बाईचं कपाळ सरळ असतं. कानामागे हात लावा, तिथे एक हाडाचा गोळा लागेल. मान वळवणारा स्नायू त्याला धरून असतो. पुरुषाचा तो गोळा मोठा, बाईचा लहान. डोक्यामागचा उंचवटा, खाली मज्जारज्जू बाहेर पडतो ते भोक, सगळ्याची मापं घ्यायची आणि गणितात घालायची. पुस्तकांत गणितं तयार मिळतात, पण ती परदेशी डोक्यांवर बसवलेली. त्यांची डोकी मोठी. तिथलं गणित इथे लावलं की आपले निम्मे पुरुष बायका ठरतात. निरुपमाबाईंनी गंमत म्हणून माझ्या चाचणीच्या फिल्मवर ते लावून पाहिलं. मी बाई निघालो.

प्रेमला शेंग सोलता सोलता हसली. म्हणजे लक्ष होतं.

म्हणून निरुपमाबाईंनी बडोद्यातल्या माणसांच्या मापांची स्वतःची वही केली होती. डोकेदुखीसाठी आलेल्यांचे जुने स्कॅन काढायचे आणि मापं लिहायची. पुरुषांची तीनशे डोकी पटकन जमली. बायकांची सत्तर होईपर्यंत चार वर्षं गेली. बायकांची डोकी दुखत नाहीत असं नाही. त्या बाम लावून स्वयंपाकाला लागतात. डोकं घरात एकाचंच स्कॅन होतं आणि ते यजमानांचं. या वहीपायी मी कित्येक घरच्या बायकांना सांगितलंय की बाई, दुखतंय तर या, लाजू नका.

आता प्रेमलाबाई. तेव्हा मी बाईच म्हणायचो.

स्कॅन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीबाहेरच्या बाकावर एक बाई डबा घेऊन बसलेली. पन्नाशीला आलेली, निळी साडी, प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्याच्या भांडारात नोकरी. कुणाचा स्कॅन आहे विचारलं तर म्हणाली, खोक्यातून आणलाय त्याचा. तिचा नवरा नारायण त्याच कारखान्यात फिटर होता. एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी, डभोईहून तुरीची डाळ घेऊन येतो, असं सांगून छोट्या गाडीत बसला तो आला नाही. सात वर्षांनी कोर्टानं तो मेला असं धरलं. रेल्वेनंही धरलं आणि तिला नोकरी दिली. लोकांनी मात्र धरलं नाही. कुणाला तो सुरतेला दिसायचा, कुणाला अंकलेश्वरला, आणि दरवेळी बरोबर एखादी बाई असायची. क्वार्टरमधल्या नळावर एकोणीस वर्षं हेच.

ती तीन दिवस आली. रोज माझ्यासाठी डबा घेऊन.

"डबा माझा होता," प्रेमला म्हणाली. "तुम्ही मागितलात."

"वास चांगला येत होता."

"दुधीची भाजी होती."

बघा, हे असं आहे. तर तिसऱ्या दिवशी, डबा कुणाचा का असेना, खाऊन झाल्यावर तिनं मला विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, बँकेत शिल्लक विचारावी तसा. तेवढं मी जसंच्या तसं सांगतो, त्यात काही घालत नाही.

ती म्हणाली, "रुळाजवळ सापडलीय म्हणतात, डभोईच्या इकडच्या बाजूला. माणसाची असेल तर तो परत येत होता. बाईची असेल तर लोक म्हणतात ते खरं. मला एवढंच सांगा, तो घरी यायला निघाला होता का?"

आता हे मशीनला कसं विचारायचं? त्याच्यात रकाना नाही. एकोणीस वर्षांत या बाईनं काय काय गिळलं असेल, आणि तिला हवं होतं ते एवढंसं. नवरा जिवंत हवा असंही नव्हतं. घरी यायला निघालेला हवा होता.

मी म्हटलं, अहवाल पोलिसांकडे जाईल, ते कळवतील. ती म्हणाली, पोलिसांनी तिला आजवर एकदाच काही कळवलं होतं, फोटो परत घेऊन जा म्हणून. तेही बरोबर होतं. मग मी म्हटलं, मी कळवतो. आणि कशाची सक्ती नसताना वर म्हणालो, घरी येऊन कळवतो.

पुढे आठवडाभर निरुपमाबाईंनी कवटी पडद्यावर फिरवली. भुवया मोजल्या, गोळे मोजले, भोक मोजलं, वहीशी ताडून पाहिलं. मी मागे उभा. एकेक माप पुरुषाकडे झुकत गेलं. भुवईचं हाड असं पुढे आलेलं की पावसात डोळे भिजू नयेत. कानामागचे गोळे लिंबाएवढे. जबडा तर असा भक्कम की...

"खालचा जबडा नव्हता म्हणालात ना, काका?" स्नेहलता म्हणाली. शिकवण्या घेणाऱ्यांसमोर गोष्ट सांगू नये.

मी म्हटलं, वरचा. वरचा जबडा भक्कम. नऊ मापं घेतली आणि नऊच्या नऊ पुरुषाची. निरुपमाबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, इतका पुरुष असलेला पुरुष मी आयुष्यात पाहिला नाही.

भास्कररावांनी खोकून विचारलं की मग कवटी विधवेच्या ताब्यात दिली असेल. मी म्हटलं, दिली असती, पण आणखी तपासाला ती वरच्या प्रयोगशाळेत गेली आणि तिथून पुढे सरकारी वाटेनं कुठे गेली ते देव जाणे. ते म्हणाले, आणि वर्तमानपत्रात? मी म्हटलं, त्या आठवड्यात क्रिकेटचा विश्वचषक चालू होता, कवटीला जागा कोण देणार. भास्करराव म्हणाले, विश्वचषक मार्चमध्ये संपला. मी म्हटलं, बडोद्यात चर्चा एप्रिलपर्यंत चालली. ती चर्चा करणाऱ्यांत ते स्वतःच पुढे होते.

तर एप्रिल महिना. बाहेर असं ऊन की लूनावर बसलो तर सीटनं चटका दिला. मी कवटीची फिल्म मोठ्या पिवळ्या पाकिटात घातली, काखेत धरली आणि निघालो. कारेलीबाग ते प्रतापनगर. वाटेत मांडवीपाशी ताक विकणारा छासवाला ओरडला, संपतभाई, केम आटला तडकामां? एवढ्या उन्हात कुठे, म्हणून. मी थांबलो नाही. घाम पाकिटाला लागू नये म्हणून मी तो रस्ताभर आवरून धरला होता.

"घाम आवरता येत नाही," स्नेहलता म्हणाली.

"तेव्हा येत होता."

प्रेमलाबाईंचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर. दारात जास्वंदीची कुंडी. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला आणि समोर बसल्या. मी वाटेत भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हटलं, पुरुषाची आहे. ठाम सांगतो. तो घरी यायला निघाला होता.

त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांना पटलं नाही असं वाटून मी फिल्म काढली. डोक्याचे आडवे काप असतात तिच्यावर, वरून खालपर्यंत, वीस चौकोनांत. ती खिडकीच्या उजेडापुढे धरली आणि पेनाच्या टोकानं एकेक दाखवलं. हे भुवईचं हाड, किती पुढे आहे पाहा. हा कानामागचा गोळा, हा दुसऱ्या बाजूचा. बाईचा एवढा असतो का? त्यांनी फिल्म माझ्या हातातून घेतली. स्वतः उजेडापुढे धरली. किती वेळ पाहिली. इतक्या बारकाईनं तर निरुपमाबाईंनीही पाहिली नसेल. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि म्हणाल्या, हेच ते कपाळ, हाच माझा नारायण. बायकोनं हाडावरून नवरा ओळखला. शास्त्रात याला तोड नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नळावर गेल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं, तो घरी येत होता. नळ एकदम गप्प झाला. पुढच्या अमावास्येला त्यांनी चांदोदला जाऊन नर्मदेवर सगळं यथासांग केलं. सोबत कुणीतरी हवं म्हणून मी गेलो. येताना बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. दिवाळीनंतर आम्ही रजिस्टर लग्न केलं. म्हणून म्हणतो, कवटीनं जमवलं. नारायणानं स्वतः, म्हणा ना. जाता जाता बायकोची सोय लावून गेला, भला माणूस.

स्नेहलतानं डोळ्यांना पदर लावल्यासारखं केलं, म्हणजे ओढणी. मला वाटलं, जमली. आजवर इतकी कधी जमली नव्हती.

प्रेमलानं परात मांडीवरून खाली ठेवली.

"मी रडले नव्हते," ती म्हणाली.

मी म्हटलं, थोडीशी रडली होतीस.

"नाही. आणि चांदोदला मी काही विधी केला नाही. त्याचं घड्याळ होतं घरात, ते नर्मदेत टाकलं आणि पाय सोडून बसले. तुम्ही भटजी शोधायला गेला होतात." मग ती स्नेहलताकडे वळली, जशी काही तीच ही गोष्ट सांगत होती. "ती कवटी बाईची होती गं. मला त्याच दिवशी कळलं."

भास्करराव पुढे सरकले. त्यांनी विचारलं, कसं कळलं, वहिनी. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बोनसच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"फिल्मचा कोपरा कात्रीनं कापलेला होता, जिथं नाव असतं तिथला," प्रेमला म्हणाली. "ते एक असू दे. पण हे मला पेन लावून दाखवतायत, हा कानामागचा गोळा, हा कानामागचा गोळा. मी बघतेय तर गोळ्याच्या पुढे कान."

"कान?"

"कान. दोन्ही बाजूंना. नाकसुद्धा होतं. हाडाभोवती फिकट अशी कातडीची रेघ दिसत होती सगळीकडे. जमिनीतून काढलेल्या कवटीला कान कुठून येतील, भास्करराव?"

आता खरं सांगायचं तर आयुष्यभर मी फिल्मवर हाडच पाहत आलो. हाडाबाहेर काय आहे तिकडे आमची नजर जात नाही, आम्हाला ते दिसतच नाही. कोपरा कापायची आठवण मला राहिली. कानांचं मनातही आलं नाही. एकवीस वर्षांत आलं नाही.

"आणि एक कान," प्रेमला म्हणाली, "वरून दुमडलेला होता."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला. जाऊ नये तेव्हाच जातो.

मी तिला विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस. वहिनी, पुढे बोला, असं भास्करराव म्हणत होते, पण मी खरंच विचारत होतो.

तिनं परात परत मांडीवर घेतली आणि एक शेंग उचलली.

"भर एप्रिलच्या उन्हात एक माणूस स्वतःचं डोकं काखेत धरून माझ्या दारात आला होता, माझा नवरा घरी यायला निघाला होता असं मला खोटं सांगायला," ती म्हणाली. "त्याला खोटारडा म्हणून परत पाठवायचं होतं का मी?"